मूग नव्हे, मोग : एक व्होल्ट, एक सप्तक

सुरुवात नावापासून करू, कारण या माणसाला आयुष्यात सगळ्यात जास्त त्रास नावानेच दिला. रॉबर्ट मोग. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ओ आहेत, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेक जण ते मूग असं वाचतात. ते स्वतः मात्र आडनावाचा उच्चार मोग असा करायचे. गोव्यातल्या वाचकांना इथे हसू येईल, कारण कोकणीत मोग म्हणजे प्रेम. गंमत म्हणजे जगभरातल्या सिंथेसायझरवेड्या लोकांचा या माणसावर खरंच मोग आहे.

सिंथेसायझर म्हटलं की आपल्याकडे लग्नातला ऑर्केस्ट्रा किंवा गणपतीतली बेंजो पार्टी डोळ्यांसमोर येते. कंपनी कोणतीही असो, आपण त्याला सरसकट कॅसिओ म्हणतो. त्यातल्या बऱ्याच कीबोर्डमध्ये बासरी, सतार, तबला असे तयार आवाज साठवलेले असतात. मोग यांचं यंत्र वेगळं होतं. त्यात कुठलाच आवाज साठवलेला नव्हता, तो विजेपासून तिथल्या तिथे तयार करावा लागायचा. ते कसं, हे आपण त्यांच्या आयुष्याबरोबरच समजून घेऊ.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि दिवसभर एपीआय लिहितो, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी कसं बोलावं याचे नियम ठरवतो. मोग यांच्याबद्दल जितकं वाचलं तितकं मला वाटत गेलं की त्यांनी बनवलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट कुठलंही यंत्र नाही, असाच एक नियम आहे. कंपनी त्यांच्या हातून गेली, नाव गेलं, तो नियम मात्र आजही जगात सगळीकडे चालू आहे.

थेरेमिनवेडा मुलगा

बॉबचा जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कचा. लहानपण तिथल्याच क्वीन्स भागात फ्लशिंगमध्ये गेलं. वडील वीज कंपनीत इंजिनिअर आणि हौशी रेडिओवाले, घरात सोल्डरिंगची हत्यारं कायम हाताशी. आईची इच्छा वेगळी होती, मुलाने पियानोवादक व्हावं. त्यामुळे एकीकडे पियानोची शिकवणी आणि दुसरीकडे वडिलांबरोबर तारा जोडणं, असं दुहेरी बालपण त्याच्या वाट्याला आलं.

चौदाएक वर्षांचा असताना एका मासिकातल्या आकृतीवरून त्याने थेरेमिन बनवलं. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेलं हे वाद्य हात न लावता वाजवतात. त्याला दोन अँटेना असतात. एकीजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज लहान होतो. पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड आपोआप येते. उलट सुरात थांबणंच अवघड.

१९५४ मध्ये, म्हणजे विशीत असतानाच, त्याने थेरेमिन कसं बनवायचं यावर एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात लेख लिहिला आणि वडिलांबरोबर थेरेमिन विकायचा छोटा घरगुती धंदा सुरू केला. पुढे क्वीन्स कॉलेजात भौतिकशास्त्र, कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग कॉर्नेलमध्ये पीएचडी, असं शिक्षण चालू राहिलं. १९६१ मध्ये त्यांचा आणखी एक लेख आला आणि त्याबरोबर घरी जोडता येईल असं थेरेमिनचं किट. किंमत साधारण ५० डॉलर. पीएचडी करणाऱ्या या विद्यार्थ्याने राहत्या घरातून असे सुमारे १,००० किट विकले.

हे किट घेणारे लोक कोण होते? बहुतेक हौशी. म्हणजे मोग यांचे पहिले ग्राहक मोठे स्टुडिओ नव्हते, तर स्वतःच्या हाताने सोल्डर करणारी, चुकली तर पुन्हा जोडणारी मंडळी होती. या जमातीशी त्यांचं नातं शेवटपर्यंत टिकलं.

१९६४ चा उन्हाळा

१९६३ च्या शेवटी रॉचेस्टरमध्ये संगीत शिक्षकांची एक परिषद भरली होती. मोग तिथे थेरेमिन विकायला गेले होते. तिथे त्यांना हर्बर्ट डॉइच भेटले. डॉइच हॉफस्ट्रा विद्यापीठात संगीत शिकवायचे आणि इलेक्ट्रॉनिक आवाज वापरून रचना करायचे. त्या काळात हे काम भयंकर किचकट होतं. प्रयोगशाळेतल्या ऑसिलेटरचा एकेक सूर टेपवर रेकॉर्ड करायचा, ब्लेडने टेप कापायची, तुकडे चिकटवायचे. काही सेकंदांच्या संगीतासाठी तासन्‌तास जायचे.

पुढच्या उन्हाळ्यात डॉइच ट्रूमन्सबर्ग या छोट्या गावी मोग यांच्याकडे राहायला आले. मोग सर्किट जोडायचे, डॉइच ते लगेच वाजवून बघायचे आणि काय कमी आहे ते सांगायचे. काही आठवड्यांत एक नमुना तयार झाला. तो आज अमेरिकेतल्या डिअरबॉर्न इथल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मोग यांनी हे काम मांडलं आणि १९६५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. त्यांची पीएचडीही त्याच वर्षी पूर्ण झाली.

एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक

आता थोडं तांत्रिक. कठीण नाही, सोबत राहा.

सूर म्हणजे कंपन. एका सेकंदात ४४० कंपनं झाली की एक सूर ऐकू येतो. तोच सूर वरच्या सप्तकात हवा असेल तर ८८० कंपनं लागतात, आणखी वर १,७६०. म्हणजे दर सप्तकाला संख्या दुप्पट होते. पण कानाला ही पायरी दर वेळी सारखीच वाटते. मंद्र ते मध्य आणि मध्य ते तार, दोन्ही अंतरं आपल्याला समानच ऐकू येतात.

ऑसिलेटर म्हणजे कंपनं तयार करणारं सर्किट. त्याला वीजदाबाने नियंत्रित करायचं ठरवलं की प्रश्न येतो, किती व्होल्टला किती कंपनं? साधा हिशेब धरला, म्हणजे दर व्होल्टला ठरावीक कंपनं वाढवत गेलो, तर खालची सप्तकं चिंचोळ्या जागेत कोंबली जातात आणि वरची पसरत जातात. मोग यांनी कानाचा हिशेब धरला. एक व्होल्ट वाढवला की कंपनं दुप्पट, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणून व्होल्टचा बारावा भाग म्हणजे एक पट्टी. यासाठी त्यांनी ट्रान्झिस्टरचा अंगचा गुण वापरला. ट्रान्झिस्टरला दिलेला वीजदाब थोडा थोडा वाढवला की त्यातून जाणारा प्रवाह पटीत वाढतो.

याचा फायदा किती मोठा आहे बघा. समजा कीबोर्डवरून एक चाल वाजते आहे आणि गायकाला काळी एक ऐवजी काळी दोन पट्टी हवी आहे. काळी एक ते काळी दोन म्हणजे दोन पट्ट्या, तेव्हा येणाऱ्या वीजदाबात व्होल्टचे दोन बारांश मिसळायचे. अख्खी चाल तशीच्या तशी वर सरकते. त्यात संथपणे वरखाली होणारा छोटा वीजदाब मिसळला तर सूर थरथरतो. एका वीजदाबावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत नेलं तर मींड तयार. गाण्यातल्या या सगळ्या करामती इथे नुसत्या बेरजा होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकदा हा नियम ठरला की वीजदाब कुठून आला याच्याशी ऑसिलेटरला देणंघेणं राहत नाही. कीबोर्डवरून, दुसऱ्या ऑसिलेटरवरून किंवा भलत्याच कुणी बनवलेल्या यंत्रावरून आला तरी चालतो. केबल खुपसली की काम सुरू. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. चांगला इंटरफेस असाच असतो, समोर कोण आहे हे त्याला विचारावं लागत नाही.

यात एक दुखणंही होतं. ट्रान्झिस्टरचा हा गुण तापमानाबरोबर बदलतो. यंत्र गरम झालं की सूर हलायचा, तंबोऱ्याची तार उतरावी तसा. जुने मोग वाजवणारे लोक वाजवण्याआधी यंत्र बराच वेळ चालू ठेवून तापू द्यायचे ते यामुळेच. आजचे काही शौकीन याच किंचित हलणाऱ्या सुराला जुन्या यंत्राची ऊब म्हणतात.

सांगणारे संगीतकार, ऐकणारा इंजिनिअर

नुसता सूर लावला की तो कारच्या हॉर्नसारखा एकसुरी वाजतो. डॉइच यांना प्रत्येक सुराला सुरुवात आणि शेवट हवा होता. सतारीचा सूर छेडल्याबरोबर उठतो आणि विरत जातो, बासरीचा हळू फुलतो. त्यासाठी मोग यांनी दाराच्या बेलचं बटण वापरून एक प्राथमिक सर्किट जोडलं. बटण दाबलं की आवाज उठायचा, सोडलं की विरायचा. पुढे संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी याचे चार टप्पे मागितले : उठाव, पहिली उतरण, टिकाव आणि विरणं. आज मोबाईलमधल्या कुठल्याही संगीत अ‍ॅपमध्ये हेच चार टप्पे दिसतात.

टोरोंटो विद्यापीठातले गुस्ताव सियामागा यांनी वीजदाबावर चालणारा फिल्टर मागितला. फिल्टर म्हणजे काय ते तोंडानेच करून बघा. सूर न बदलता ऊ म्हणायला सुरुवात करा आणि हळूहळू आ वर या. कंठातला सूर तोच राहतो, तोंडाचा आकार त्यातले वरचे स्वरांश कापतो किंवा सोडतो. कंठ हा ऑसिलेटर, तोंड हा फिल्टर. मोग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचून असा फिल्टर बनवला. त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. मोगचा तो जाडसर, गोलसर आवाज बऱ्याच अंशी याच शिडीचा.

वेंडी कार्लोस यांनी बोटाच्या दाबाला प्रतिसाद देणारा कीबोर्ड मागितला, सूर घसरवण्याची सोय मागितली. मोग बनवून देत गेले. याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला हेही स्वतंत्रपणे असंच यंत्र बनवत होते, पण पियानोसारख्या पट्ट्या त्यांना नकोच होत्या. जुन्या सवयी घेऊन नव्या वाद्याकडे कशाला जायचं, हा त्यांचा विचार. दोघांच्या चाहत्यांमध्ये हा वाद अजून रंगतो. मला बुकलांचा मुद्दा पटतो, पण मोग यांचं यंत्र घराघरांत का गेलं हेही कळतं. समोर पट्ट्या दिसल्या की माणूस हात पुढे करतो.

बाख, मग मिनीमोग

१९६८ मध्ये कार्लोस यांचा स्विच्ड-ऑन बाख हा अल्बम आला. मोगवर एका वेळी एकच स्वर वाजायचा. त्यामुळे बाखच्या रचना एकेक थर टेपवर चढवत उभ्या केल्या होत्या, मध्येमध्ये यंत्र पुन्हा सुरात लावत. या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले. बीटल्सनीही १९६९ च्या अ‍ॅबी रोडमध्ये मोग वापरला. आतापर्यंत प्रयोगशाळेतलं समजलं जाणारं यंत्र एकदम सगळ्यांना हवंसं झालं.

पण ते यंत्र कपाटाएवढं होतं, हजारो डॉलर किमतीचं आणि केबलांच्या जंजाळाने भरलेलं. ते स्टेजवर नेणं म्हणजे दिव्यच. मग कंपनीतले इंजिनिअर बिल हेमसॅथ यांनी पडून असलेल्या सुट्या भागांतून एक आटोपशीर नमुना जोडला. त्यातून १९७० मध्ये मिनीमोग आला : तीन ऑसिलेटर, शिडीवाला फिल्टर, ४४ पट्ट्या, सगळी जोडणी आतल्या आत. डाव्या हाताला दोन चाकं, त्यातलं एक सूर वाकवायला. पेटीवर मींड निघत नाही हे आपल्याला माहीत आहे. या चाकाने पट्ट्यांच्या वाद्याला ती दिली. किंमत १,४९५ डॉलर. पुढच्या अकरा वर्षांत अशी बारा हजारांहून अधिक यंत्रं बनली.

कंपनी गेली, नावही गेलं

इथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. झाली नाही.

मोग उत्तम इंजिनिअर होते, धंदेवाले नव्हते. बाखच्या लाटेत आलेली मागणी ओसरली, कर्ज वाढलं. १९७१ मध्ये कंपनी विकावी लागली, ती बफेलोजवळ हलली. १९७३ मध्ये ती पुन्हा विकली गेली, नॉर्लिन या मोठ्या उद्योगाला. मोग आता स्वतःच्या नावाच्या कंपनीत नोकर होते. काय बनवायचं हे ठरवणारे लोक दुसरेच. १९७७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलजवळच्या डोंगरात राहायला गेले. तिथे बिग ब्रायर नावाची छोटी कंपनी काढली. नाव वेगळं ठेवावं लागलं, कारण मोग हे नाव आता त्यांचं नव्हतं.

विचार करा. तुमचं आडनाव एका उत्पादनाचं नाव झालंय, जगभर लोक ते घेतायत, आणि तुम्ही नवीन काही बनवलं तर त्यावर ते छापू शकत नाही.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल कीबोर्ड आला. हलका, सुरात पक्का, एका वेळी अनेक स्वर वाजवणारा. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रं अडगळीत गेली. १९८७ च्या सुमारास बफेलोची कंपनीही बुडाली. मोग यांनी मधली काही वर्षं कुर्झवाइल या कंपनीत काम केलं, नंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवलं आणि बिग ब्रायरमध्ये पुन्हा थेरेमिन बनवू लागले. जिथून सुरुवात केली होती तिथेच ते परत आले होते, पण मूग गिळून बसले नव्हते. नावासाठी कायदेशीर लढा दिला आणि २००२ मध्ये अमेरिकेत मोग म्युझिक हे नाव त्यांना परत मिळालं. त्याच वर्षी मिनीमोग व्हॉयेजर आला. आदल्या वर्षी पोलर संगीत पुरस्कार मिळाला होता.

नाव परत मिळाल्यावर हातात जेमतेम तीन वर्षं उरली होती. २००५ च्या एप्रिलमध्ये मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं आणि २१ ऑगस्टला अ‍ॅशव्हिलमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७१.

मग उरलं काय?

अडगळीत गेलेली यंत्रं नव्वदच्या दशकात पुन्हा बाहेर आली ती हौशी लोकांमुळे. स्वस्तात मिळालेली जुनी यंत्रं त्यांनी दुरुस्त केली आणि नव्या संगीतात वापरली. त्याच दशकाच्या मध्यावर जर्मनीत डीटर डेप्फर यांनी लहान आकाराचे सुटे मॉड्यूल विकायला सुरुवात केली. युरोरॅक या नावाने ती पद्धत जगभर पसरली. आज शेकडो छोटे उत्पादक, कित्येकदा एकटादुकटा इंजिनिअर, असे मॉड्यूल बनवतात. कुणाचाही ऑसिलेटर कुणाच्याही कीबोर्डला जोडता येतो, कारण बहुतेक सगळे जण प्रति सप्तक एक व्होल्ट हाच नियम पाळतात. फिल्टरचं पेटंट होतं, ते कधीच संपलं. व्होल्टच्या नियमासाठी परवानगी कुणाची घ्यायची नव्हतीच.

आपल्याकडेही मोग लवकर पोहोचला होता. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे मुंबईहून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर, मोगचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई यांचा त्यात पुढाकार होता. तिथे भारतीय संगीतकारांनी काही वर्षं प्रयोग केले. त्या टेप पुढे दशकानुदशकं पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये त्यांचं संकलन प्रसिद्ध झालं. मुंबईचे चित्रपट वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर रागांचा अल्बम काढला. यंत्रं रोलँडची होती, पण मोग यांनी दाखवलेलीच वाट होती. तोही जवळपास तीस वर्षांनी नव्याने गाजला.

मोग म्युझिकचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये जवळपास अर्धी मालकी कर्मचाऱ्यांकडे गेली आणि २०२३ मध्ये कंपनी इनम्युझिक या समूहाला विकली गेली. म्हणजे पुन्हा तेच. नाव पुन्हा बाजारात फिरलं.

मी व्हीसीव्ही रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात स्क्रीनवर मॉड्यूल मांडायचे आणि माऊसने केबल ओढायच्या. खरी वीज, खरा ट्रान्झिस्टर त्यात काहीच नाही, आत फक्त आकडे पळतात. तरी त्या केबलमधला आकडा एकने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. व्होल्टच नाही तिथेसुद्धा व्होल्टचा नियम पाळला जातो. माझ्यासारख्याला यात दिलासा आहे. आपण लिहिलेला कोड कुठल्या कंपनीच्या मालकीचा होईल, त्यावर कुणाचं नाव लागेल, हे बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. पण दोन गोष्टी एकमेकींना नीट जोडल्या जाव्यात यासाठी विचार करून ठरवलेला आणि सगळ्यांसमोर मांडलेला नियम माणसापेक्षा, कंपनीपेक्षा जास्त जगू शकतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पैसे खर्च करायची गरज नाही. २०१२ मध्ये मोग यांच्या जन्मदिवशी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर वाजवता येणारा छोटा मिनीमोग ठेवला होता, तो त्यांच्या डूडलच्या संग्रहात शोधा. हेडफोन लावा, एक पट्टी दाबून धरा आणि फिल्टरचं बटण हळूहळू फिरवा. मघाशी तोंडाने केलेला ऊ ते आ चा प्रवास ऐकू येईल.